लेगोचे सुपरहिरो सेट जमवताय? मग या चुका टाळा

सुपरहिरो सेटमधली खरी किंमत गाडीत किंवा बिल्डिंगमध्ये कमी आणि सोबत येणाऱ्या छोट्या माणसांमध्ये म्हणजे मिनीफिगरमध्ये जास्त असते. पण बऱ्याच घरांत विटा नीट पिशवीत भरून ठेवलेल्या असतात आणि फिगर मात्र पोरांच्या खेळण्यांच्या डब्यात, कुणाची केप गेली, कुणाचं डोकं गेलं. 2021 चा डेली ब्यूगल, म्हणजे स्पायडरमॅनच्या गोष्टीतल्या वर्तमानपत्राची इमारत, हा सेट घ्या, 3772 तुकडे आणि 25 फिगर, ब्लेड, पनिशर, डेअरडेव्हिल असली मंडळी त्यात आहेत, ती काढून घेतली तर उरते फक्त एक उंच बिल्डिंग. म्हणून जुना सेट घेताना सेटचा नंबर विचारा, त्या नंबरवरून फिगरची यादी ऑनलाइन बघा आणि एकेका फिगरचा पुढून-मागून फोटो मागा. "सगळं आहे हो" एवढ्यावर पैसे पाठवू नका.

डुप्लिकेटचा विषय जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. अमेरिकेतल्या सॅन दिएगो कॉमिक-कॉन या कॉमिक्सच्या मेळ्यात मोजक्या लोकांना मिळालेल्या 2012 च्या शझाम किंवा बिझारोसारख्या फिगरच्या नकला भरपूर फिरतात, तेव्हा अशी फिगर स्वस्तात दिसली की आधी शंका घ्यायची. डोकं काढून मानेची खुंटी बघा, खऱ्या फिगरवर तिथे बारीक अक्षरात लेगो कोरलेलं असतं. मग प्रिंट बघा, कडा पसरट किंवा सरकलेल्या आहेत का, हात ढिले आहेत का. आणि "मेड इन चायना म्हणजे खोटा" हा हिशोब डोक्यातून काढा. लेगोचा स्वतःचा कारखाना चीनमध्ये जियाशिंगला 2016 पासून आहे, त्यामुळे अस्सल बॉक्सवर चीनचं नाव असू शकतं. नकलेचा धंदा केवढा मोठा असतो ते कळायला लेपिन या चिनी नकली ब्रँडचं प्रकरण माहीत असू द्या, लेगोचे सेट जसेच्या तसे छापणारी ही मंडळी 2019 मध्ये शांघाय पोलिसांनी पकडली आणि 2020 मध्ये मुख्य आरोपीला 6 वर्षांची शिक्षा आणि 9 कोटी युआन दंड झाला. तो माल मात्र बाजारात अजून फिरतोय, सुट्टा, बॉक्सशिवाय, खऱ्या विटांत मिसळून.

परदेशातून मागवताना फक्त तिकडची किंमत बघून खूश होऊ नका. भारतात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर आणि 2023 मध्ये 70 वर गेली होती, तेव्हा मागवायच्या दिवशी कितीचा दर चालू आहे ते आधी बघा, त्यात शिपिंग धरा, मग इथल्या दुकानातल्या भावाशी तुलना करा.

फिगर जपताना दोन गोष्टी. कापडी केप घडी घालून ठेवायची नाही, पडलेली घडी सहसा जात नाही आणि सारखी काढघाल केली की मानेजवळची भोकं सैल होतात. दुसरं म्हणजे हात उपटून बदलायचे नाहीत, टॉर्सोला म्हणजे धडाला काखेजवळ तडा जातो आणि तो काही केल्या जुळत नाही.

उन्हाचं तर विचारूच नका. पश्चिमेच्या खिडकीजवळचा शेल्फ दिसायला छान, पण पांढऱ्या, फिकट करड्या आणि निळ्या विटा पिवळ्या पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा जातो हे खरंय, पण काही दिवसांनी परत येऊ शकतो, आणि प्रिंट किंवा स्टिकर असलेल्या पार्टवर तर मी ते अजिबात लावू देणार नाही. साधी धूळ असेल तर कोमट पाणी, 40 डिग्रीच्या वर नाही, आणि थोडा सौम्य साबण. वॉशिंग मशीन नको, हेअर ड्रायर नको. स्टिकरचा गोंद काढायला नेलपॉलिश रिमूव्हर तर चुकूनही नाही, त्यातलं अॅसिटोन ही वीटच विरघळवतं. खोबरेल तेलाचं बोट फिरवा, मग साबणाने धुवा.

आपल्याकडे पावसाळा हा वेगळाच शत्रू, विशेषतः मुंबई-कोकणात. प्लास्टिकला दमटपणाचं काही होत नाही, पण बॉक्स फुगतो, माहितीपुस्तिकेला बुरशी येते, स्टिकर शीटच्या कडा वळतात. सीलबंद सेट माळ्यावर टाकून विसरू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. कपड्यांसारख्या डांबरगोळ्या मात्र नकोत, त्यांची वाफ अशा प्लास्टिकला बाधते.

आता जोडताना अडकणारे लोक. 2019 ची बॅटमोबाइल, 3306 तुकडे आणि जवळजवळ सगळंच काळं, पिवळ्या दिव्यात काळा आणि गडद करडा एकच वाटतो, पुस्तिकेतही काळ्यावर काळं ओळखू येत नाही. पांढरा दिवा लावा, तुकडे पांढऱ्या ताटात काढा, आणि पिशव्यांचे नंबर पाळा, सगळ्या एकदम फोडल्या की शोधण्यातच रविवार जातो. एखादा पार्ट बसत नसेल तर जोर लावू नका, बहुतेक वेळा चूक दोन-तीन स्टेप मागे असते, डावा-उजवा पार्ट उलटा लागलेला असतो. आणि विटा दातांनी काढू नका, दाताचे वण कायमचे राहतात, त्यासाठी सेपरेटर, म्हणजे विटा सुट्या करायचं छोटं अवजार, असतो.

"दुर्मिळ होणार" म्हणून दोन-दोन बॉक्स घेऊन ठेवणाऱ्यांनी टम्बलर, म्हणजे बॅटमॅनच्या चिलखती गाडीचा सेट, आठवावा. 2014 मध्ये 1869 तुकड्यांचा आला, बंद झाला, आणि 2021 मध्ये 2049 तुकड्यांचा नवा टम्बलर दुकानात. आवडतो म्हणून घ्या, नुसता पुढे भाव वाढेल म्हणून नको.

पार्ट कमी निघाला तर आधी पिशव्यांचे कोपरे उलटे करून झटका, बारीक तुकडे तिथेच चिकटलेले असतात. खरंच नसेल तर पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक पार्टचा नंबर असतो, तो आणि सेटचा नंबर घेऊन कंपनीच्या कस्टमर सर्व्हिसला लिहा. बॉक्स मात्र तोपर्यंत रद्दीत देऊ नका.