अल्कली धातूंची घनता: या चुका टाळा

‘पहिल्या गणात वरून खाली घनता वाढत जाते.’ उत्तरपत्रिकेत पहिल्या गणाबद्दल, म्हणजे आवर्त सारणीतल्या अल्कली धातूंच्या उभ्या स्तंभाबद्दल, हे वाक्य दिसलं की पुढचा क्रम न वाचताच कळतो. तो चुकलेला असतो. खरा चढता क्रम लिथियम, पोटॅशियम, सोडियम, रुबिडियम, सीझियम असा आहे. सारणीत वर असलेल्या सोडियमची घनता ०.९७ ग्रॅम प्रति घन सेंमी, तर त्याच्या खालच्या पोटॅशियमची ०.८६.

एका विद्यार्थ्याला पोटॅशियमची घनता काढायला दिली होती. मोलर वस्तुमान (एका मोलचं, म्हणजे अणूंच्या ठरावीक संख्येचं) ३९.१ ग्रॅम, मोलर आकारमान ४५.४ घन सेंमी. पठ्ठ्याने भागाकार करून ०.८६ अगदी बरोबर काढलं. मग वरच्या गणितातलं सोडियमचं ०.९७ त्याच्या नजरेस पडलं. त्याने समासात ‘खाली वाढायला हवी’ असं लिहिलं, उत्तरावर काट मारली आणि उलटा भागाकार करून १.१६ लिहून मोकळा झाला. एकक उलटं झालंय, याचं भान कुणाला! घोकलेल्या नियमापुढे हातचं गणितही खोटं वाटतं, ते असं.

पोटॅशियम ‘अपवाद आहे’ म्हणून पाठ करणारेही फार पुढे जात नाहीत. आणि ‘३डी कक्षक (अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागा) रिकामे असतात म्हणून’ हे गाइडातलं कारण तर मला मुळीच पटत नाही. सोडियमचेही ३डी रिकामेच असतात की!

मी आधी दोनच गोष्टी लिहायला लावतो: वस्तुमान किती पट झालं आणि आकारमान किती पट. लिथियमकडून सोडियमकडे येताना अणुवस्तुमान ६.९ वरून २३, म्हणजे ३.३ पट होतं. मोलर आकारमान १३ वरून २३.७, म्हणजे १.८ पट. घनता वाढणारच. पोटॅशियमला पुन्हा १६ एककांचीच भर पडते, पण आता ती २३ वर, म्हणून वस्तुमान जेमतेम १.७ पट. आकारमान मात्र १.९ पट. झाली घनता कमी. रुबिडियमपर्यंत जाताना मध्ये संक्रमण मूलद्रव्यांची रांग लागते, अणुक्रमांक एकदम १८ ने वाढतो. वस्तुमान २.२ पट, आकारमान फक्त १.२ पट. दोन मिनिटांचं काम आहे, पण तेवढाही धीर नसलेल्यांना क्लृप्ती हवी असते.

प्रयोगशाळेतली नेहमीची चूक म्हणजे सोडियमसारखंच लिथियमही रॉकेलच्या बाटलीत टाकणं. लिथियमची घनता ०.५३, रॉकेलची साधारण ०.८. तुकडा वर तरंगतो, त्याचा उघडा भाग हवेशी लढत बसतो आणि काळा पडतो. त्याला पॅराफिन मेणात किंवा पेट्रोलियम जेलीत बुडवून ठेवा, नाहीतर आरगॉन वायूमध्ये.

पाण्यावर तरंगतो म्हणून धातू सौम्य समजू नका. पोटॅशियम तरंगता तरंगता जांभळ्या ज्योतीने पेटतं.

लिथियमसमोर ५३४ हा आकडा दिसला तर घाबरू नका, ते किलोग्रॅम प्रति घन मीटर आहे.

फ्रान्सियमच्या घनतेचा आकडा अंदाजाचा असतो. तो मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत बसवू नका.

पोटॅशियमसमोर एका तक्त्यात ०.८६ आणि दुसऱ्यात ०.८९ दिसलं की काहीजण प्रश्नच सोडून देतात. कशाला? दोन्हीकडे ते सोडियमपेक्षा कमीच आहे.