शाळेत एचपीव्ही लसीकरणाचे सत्र कसे घ्यावे

गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही विषाणूच्या वर्षानुवर्षे टिकलेल्या संसर्गातून होतो. या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. आधीच झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही, म्हणून ती लैंगिक संबंध सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, ९ ते १४ या वयात द्यायची. या वयात प्रतिकारशक्तीही जास्त जोरकस तयार होते.

तयारीला यादीपासून लागा. एखादी इयत्ता ठरवून हजेरीपटावरून नावे काढणे सोपे, पण शाळा सोडलेल्या मुली त्यात येतच नाहीत. त्यांची वेगळी यादी वस्तीत फिरूनच करावी लागते, आणि ती टाळू नये. संमतीपत्र काही दिवस आधी घरी पाठवा. त्यात पूर्वी एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी आली होती का, यीस्टची ॲलर्जी आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषध आहे का, हे विचारा. साधी सर्दी असली तरी लस देता येते. गरोदरपणात मात्र ती पुढे ढकलतात.

पालकसभेत ‘पुढे मूल होण्यात अडचण येईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर थेट द्या: नाही. लसीत जिवंत विषाणू नसतो. असते ते फक्त त्याच्या बाहेरच्या कवचासारखे प्रथिन.

किती डोस द्यायचे ते आपल्या कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून ९ ते २० वयोगटासाठी एक किंवा दोन डोस मान्य केले आहेत. एचआयव्हीसह, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना किमान दोन, शक्य असल्यास तीन डोस लागतात.

लस वाया जाते ती बहुतेकांना वाटते तशी फक्त उन्हाने नाही, गोठल्यानेही जाते. तिच्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. गोठल्यावर त्यांची रचना मोडते आणि ती नंतर पूर्ववत होत नाही. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस हवे. फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक लगेच कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीत, भरू नका. ते टेबलावर ठेवा, अधूनमधून हलवून पाहा, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरा. एखादी कुपी गोठली असल्याची खात्री असेल तर ती बाजूला काढा, वापरू नका.

टोचण्यापूर्वी कुपी नीट हलवा. डोस ०.५ मिलि, दंडाच्या वरच्या बाहेरील स्नायूत, सुई ९० अंशांत. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचे नाही, ती सरळ सेफ्टी बॉक्समध्ये टाकायची. बॉक्स तीन चतुर्थांश भरला की बंद करा.

सगळ्यात जास्त काळजी चक्कर येण्याची घ्या. किशोरवयीन मुलींना कोणत्याही इंजेक्शननंतर भोवळ येऊ शकते, आणि एकीला पाहून दुसरीलाही येते. २०१४ मध्ये कोलंबियातील एल कार्मेन दे बोलिव्हार येथे अनेक मुलींना अशी लक्षणे जाणवली. तपासात लसीशी संबंध आढळला नाही, तरीही देशातले लसीकरण कोसळले. म्हणून रांगेतल्या मुलींना टोचणे दिसणार नाही अशी खोलीची मांडणी करा. त्यांना छोट्या गटांत बोलवा, उपाशीपोटी आलेल्यांना आधी खाऊ द्या, लस बसवूनच द्या आणि नंतर १५ मिनिटे बसवून ठेवा. भोवळ आलेल्या मुलीला पडद्याआड आडवे करा, पाय किंचित वर ठेवा. नाडी मंद असते आणि थोड्याच वेळात ती सावरते. अंगावर गांधी, घरघर, वेगवान क्षीण नाडी दिसली तर ती तीव्र ॲलर्जी समजा: मांडीच्या बाहेरील मध्यभागी, स्नायूत ॲड्रेनालिन १:१००० द्या, दर किलो वजनाला ०.०१ मिलि, जास्तीत जास्त ०.५ मिलि. मदत लगेच बोलवा. ॲड्रेनालिनची मुदत सत्राच्या आदल्या दिवशी तपासलेली असावी.

प्रत्येकीच्या कार्डावर तारीख, लसीचे नाव व बॅच क्रमांक लिहा. लस घेतली तरी मोठेपणी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी लागते, हेही त्यावर छापा, कारण कॅन्सर घडवणारे सगळे प्रकार लसीत नसतात. गैरहजर मुलींची नावे त्याच दिवशी वेगळी काढा आणि शाळेतून निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून पुढच्या फेरीची तारीख पक्की करून घ्या.