अलास्काच्या क्रूझची बॅग भरताना या चुका टाळा

जूनमध्ये अलास्काच्या क्रूझला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या बॅगा उघडल्या, तर त्यांत दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे मनालीच्या सहलीसाठी कधीकाळी घेतलेला आणि तेव्हापासून माळ्यावर पडून असलेला जाडजूड कोट, आणि दुसरी म्हणजे "तिकडेही आता उन्हाळाच आहे ना" असे म्हणून शेवटच्या घटकेला कोंबलेले अर्धा डझन सुती टी-शर्ट. कोट शून्याखालच्या थंडीसाठी आहे आणि टी-शर्ट तीस अंशांच्या उकाड्यासाठी. अलास्कातले मे-जूनचे दिवस मात्र या दोहोंच्या मधे असतात आणि नेमक्या त्या मधल्या हवेसाठी बॅगेत काहीच नसते.

सिअ‍ॅटल किंवा व्हँकुव्हरहून निघून केचिकन, जुनो, स्कॅगवे ही बंदरे आणि एखादी हिमनदी दाखवून आणणारी सात रात्रींची सफर येथे गृहीत धरली आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक प्रवासी तीच घेतात. जूनमध्ये जुनोचे दुपारचे तापमान सरासरी १६-१७ अंश आणि पहाटेचे ८-९ अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात दोन्ही आकडे आणखी तीनचार अंशांनी खाली येतात. हे आकडे वाचून पुणेकर मनात म्हणतो, की ही तर आपली डिसेंबरातली पहाट, एक स्वेटर पुरे. पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते.

तापमान पाहिले, वारा पाहिला नाही

पुण्याची थंडी कोरडी आणि स्थिर असते, तर जहाजावरची थंडी वाहती असते. मोठे जहाज खुल्या पाण्यात ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे हवा अगदी पडलेली असली तरी पुढच्या डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर तेवढा वारा येतच राहतो. सात अंश तापमानात ताशी ३५ किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते सुमारे दोन अंशांसारखे जाणवते. हिमनदीजवळ जहाज मंदावते. पण तिथे बर्फावरून घसरत खाली येणारी जड, गार हवा आपला वेगळा वारा घेऊन येते. ग्लेशियर बेमध्ये मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबते, तेव्हा बर्फाचा कडा केव्हा कोसळेल याची वाट पाहत लोक तासभर हलत नाहीत. चालणाऱ्या माणसाला जी थंडी जाणवतही नाही, ती उभ्या माणसाच्या गुडघ्यांत शिरते. व्हेल पाहायला नेणाऱ्या लहान बोटीच्या उघड्या भागातही हाच अनुभव येतो.

हाताने विणलेला लोकरीचा स्वेटर अशा वेळी फसवतो. ऊब त्याच्या लोकरीत अडकलेल्या हवेमुळे असते आणि वारा नेमकी तीच हवा विणीच्या भोकांतून काढून नेतो. त्याच स्वेटरवर साधे विंडचीटर चढवले, की दोन मिनिटांत फरक पडतो. थंडी वाजते म्हणून आणखी एक स्वेटर चढवण्याआधी वारा अडवणारे काही अंगात आहे का, हे पाहावे.

एकच भला मोठा कोट

जाड कोटाची अडचण अशी, की तो एक तर अंगात असतो किंवा हातात, तिसरी सोय त्यात नाही. स्कॅगवेहून व्हाइट पासच्या रेल्वेत बसल्यावर गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ३२ किलोमीटरांत ८७३ मीटर उंचीवर पोहोचते. खाली गावात कोवळे ऊन असते, डब्यात हीटरची ऊब असते, आणि वरच्या टोकाला, डब्याबाहेरच्या उघड्या कठड्याशी फोटो काढायला जावे, तर बाजूला जूनच्या सुरुवातीलाही बर्फाचे पट्टे दिसतात. या तीन तासांत कोट चार वेळा काढावा आणि चार वेळा घालावा लागतो आणि उरलेला वेळ तो मांडीवर झोपलेल्या मुलासारखा सांभाळावा लागतो.

त्याऐवजी एकावर एक चढणारे तीन-चार पातळ कपडे घ्यावेत. अंगाला चिकटून पातळ थर्मल, त्यावर फ्लीसचे, म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम कापडाचे जॅकेट, अगदी थंड दिवसासाठी घडी घालून पिशवीत मावणारे, आत पिसे किंवा तंतू भरलेले हलके पफर जॅकेट, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जॅकेट. शेवटचे जॅकेट घेताना मात्र एक चूक वारंवार होते. दुकानात ते टी-शर्टवर घालून पाहिले जाते, छान बसते आणि प्रवासात फ्लीसवर चढवायला गेले, की चेन छातीपाशी अडते. म्हणून वरचे जॅकेट एक माप मोठे घ्यावे आणि खरेदीला जाताना, दुकानदार कितीही हसला तरी, घरचे फ्लीस सोबत न्यावे.

खालच्या अंगाचा विचार तर फारसा कोणी करतच नाही. वर चार कपडे आणि खाली एकच पँट अशी माणसे डेकवर सर्रास कुडकुडताना दिसतात. पँटच्या आत थर्मलचा पायजमा असला, की काम भागते. तो नसेल तर लेगिंग्ज किंवा चुडीदारही चालतो, आणि आत काय आहे हे कोणी पाहायला येत नाही.

"वॉटरप्रूफ" लिहिले आहे म्हणून विश्वास ठेवणे

केचिकनमध्ये वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षा कितीतरी जास्त. तो मुंबईसारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बाराही महिने येत राहतो. मे-जून त्यातल्या त्यात उघडीपीचे महिने, तरी एखादा दिवस भिजण्याचा धरूनच चालावे. हा पाऊस बहुधा बारीक, तिरपा आणि चिवट असतो. आपली घडीची छत्री वाऱ्यात उलटी होते आणि अरुंद लाकडी पुलांवर शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते. तिथे खरे काम टोपी असलेल्या जॅकेटचे असते.

जॅकेट खरोखर पाणी अडवते का, हे घरीच तपासता येते. बाही बादलीवर आडवी धरावी, आत जुने वर्तमानपत्र सारावे आणि वरून मगभर पाणी सावकाश ओतावे. पाण्याचे थेंब गोळे होऊन घरंगळले, तर कापड ठीक आहे. ते पसरून कापड काळपट दिसू लागले, तर वरचा लेप झिजला आहे. त्यानंतर कागद काढून शिवणीखालची जागा बोटाने चाचपावी, कारण बहुतेक स्वस्त जॅकेटे कापडातून नव्हे, शिवणीतून गळतात. जॅकेट उलटे करून पाहिले असता शिवणींवर आतून गुळगुळीत पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. झिजलेला लेप पुष्कळदा जॅकेट धुऊन, मंद आचेच्या ड्रायरमध्ये वाळवल्यावर पुन्हा काम करू लागतो, मात्र धुण्याच्या सूचनांच्या आतल्या लेबलवर तसे करण्यास हरकत नाही असे लिहिले आहे का हे आधी पाहावे. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्यांच्या घरी असे जॅकेट असतेच. त्यांनी नवीन घेण्याची गरज नाही. विंडचीटर ही मात्र वेगळी वस्तू आहे. ते वारा अडवते आणि पंधरा मिनिटांच्या भुरभुरीनंतर शरण जाते.

पफर जॅकेटात पिसे असतील, तर ते पावसात कधीही सर्वांत वर घालू नये. ओली पिसे गोळा होऊन बसतात आणि त्यांच्यातली ऊब जाते. कृत्रिम तंतू भरलेले जॅकेट या हवेत अधिक खात्रीचे असते आणि आपल्याकडे ते स्वस्तही मिळते.

जीन्स, सुती मोजे आणि बूट

सुती कापडाचे आपल्याला इतके प्रेम आहे, की थंड आणि ओल्या हवेत ते अंगाशी वैर करते हे पटत नाही. सुती कापड पाणी शोषून धरून ठेवते, सावकाश वाळते आणि तोवर अंगातली ऊब ओढत राहते. सकाळी भिजलेली जीन्स केबिनमध्ये दुसऱ्या सकाळपर्यंत ओली असू शकते. एक जीन्स रात्रीच्या जेवणासाठी ठेवावी. फिरायला पटकन वाळणाऱ्या पँट न्याव्यात आणि त्यांवर चढवायला एक पातळ पावसाळी पँट. मोजे लोकरीचे किंवा लोकरमिश्रित, किमान चार जोड. लोकर ओलसर झाली तरी ऊब देते.

पाय गारठतात म्हणून दोन-दोन मोजे घालणे ही चांगल्या हेतूने केलेली चूक होय. बूट घट्ट होतो, बोटांभोवतीची हवा जाते, रक्तप्रवाह आवळला जातो आणि पाय पूर्वीपेक्षा जास्त गार पडतात. बोटे आत हलली पाहिजेत. घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे, निदान महिनाभर वापरून मऊ झालेले बूट असावेत. जुनोजवळ मेंडेनहॉल हिमनदीसमोरच्या नगेट धबधब्यापर्यंतची वाट सोपी असली, तरी ओल्या रेतीतून आणि डबक्यांच्या कडेने जाते. हिमनदीवर हेलिकॉप्टरने उतरवणाऱ्या सहलींत बर्फावर चालण्याची पादत्राणे बहुधा आयोजकच देतात, त्यामुळे त्यासाठी जड बूट विकत घेऊन बॅगेचे वजन वाढवू नये.

कानटोपी, मफलर आणि हातमोजे यांचे वजन नगण्य असते आणि विसरले जातात तेही हेच. हातमोजे बोटांनी मोबाइल चालवता येईल असे असावेत, नाही तर प्रत्येक फोटोसाठी एक मोजा निघतो आणि तिसऱ्या फोटोला तो समुद्रात जातो. गॉगलही हवाच, कारण पाणी आणि बर्फ दोन्ही ऊन परतवतात आणि जूनच्या उत्तरार्धात जुनोला दिवस अठरा तासांहून मोठा असतो.

संध्याकाळचे कपडे

एकदोन संध्याकाळी जहाजावर नटून जेवायला जाण्याची पद्धत असते. त्यासाठी एक पोशाख पुरतो, फार तर दोन. साडी उत्तम दिसते, परदेशी सहप्रवासी थांबून विचारपूसही करतात, पण पैठणी किंवा कडक कांजीवरम नेली तर इस्त्रीचा प्रश्न उभा राहतो. आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री आणि वाफेचे यंत्र नेण्यास बहुतेक जहाजांवर मनाई असते आणि बॅगेत सापडल्यास ते काढून ठेवले जाते. त्यापेक्षा चुरगळत नाही अशी क्रेप किंवा सिल्कमिश्रित साडी आणि वर पश्मिन्याची शाल असावी, कारण जेवणघरातला एसी डेकवरच्या वाऱ्याइतकाच बोचतो. पुरुषांना सूट ओढत नेण्याऐवजी बंद गळ्याचा कुर्ता आणि नेहरू जॅकेट शोभून दिसते. आणि पोहण्याचे कपडे विसरू नयेत. बाहेर हिमशिखरे आणि आपण गरम पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत, हे सुख फक्त ते कपडे नसल्यामुळे हुकलेले लोक मी पाहिले आहेत.

जहाजावर गेल्यावर अडले तर

बंदरावर मोठी बॅग ताब्यात घेतली जाते आणि केबिनच्या दाराशी ती दुपारी उशिरा, कधी रात्रीच्या जेवणाच्या सुमारास येते. जहाज निघते तेव्हा सगळे वरच्या डेकवर असतात आणि जॅकेट मात्र बॅगेत तळाशी असते. हातातल्या पिशवीत जॅकेट, कानटोपी, औषधे आणि एक बदलण्याचा कपडा असावा.

बूट भिजले, तर आतले तळवे काढून बुटांत कागदाचे बोळे कोंबावेत आणि दर दोन तासांनी बदलावेत. जहाजावर रोजच्या कार्यक्रमाचा छापील कागद मिळत असेल, तर तोही उपयोगी पडतो. हेअर ड्रायरचा झोत बुटांवर जवळून मारू नये, डिंक सुटतो. ओले जॅकेट कपाटात कोंडू नये. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हुक नेले तर ते भिंतीलाच टांगता येते. धुतलेले पातळ कपडे कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळले, तर रात्रीतून वाळतात. चेन अडली, तर शिसपेन्सिलीचे टोक दातांवर घासावे. आणि एखादी गोष्ट राहूनच गेली, तर केचिकन आणि जुनोच्या धक्क्याजवळची दुकाने फ्लीस, पावसाळी कपडे आणि टोप्यांनी भरलेली असतात. त्यांच्या धंद्याचा बराचसा भाग अशा विसराळूंवरच चालत असावा.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या रात्रीतून खाली जातात. आमच्या एका आत्यांनी त्या रात्री सगळे नीट आवरले, कपाट रिकामे करून दोनदा तपासले, बॅग बाहेर ठेवली आणि गाऊन घालून झोपल्या. सकाळी सातला लक्षात आले, की अंगावरचा गाऊन सोडून नेसायला काहीही उरलेले नाही. काकांची पावसाळी पँट, वरून तो गाऊन आणि त्यावर शाल अशा वेषात त्या सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर उतरल्या आणि पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मान वर करून पाहिले, तेव्हा त्यांनी शाल आणखी घट्ट लपेटून घेतली.