तरवड लावा, पण लाड करू नका

नवरात्रात आमच्या घटाला तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ लागते. पूर्वी सिन्नरकडून येणारं कुणीतरी माळावरून ओंजळभर फुलं घेऊन यायचं. आता तिथे प्लॉट पडले, म्हणून झुडूप दारातच लावलं. पहिलं मी मारलं, दुसरं जगलं.

नर्सरीत तरवड सहसा मिळत नाही. पिवळ्या फुलांचं झुडूप मागितलं की घंटीफूल हातात ठेवतात. ते दिसायला छान, पण मूळचं अमेरिकेतलं. त्यापेक्षा हिवाळ्यात माळावरून तरवडाच्या वाळलेल्या शेंगा आणा. त्या चपट्या, तपकिरी आणि कागदासारख्या पातळ असतात. टाकळ्याशी गल्लत करू नका. टाकळा पावसाळ्यात उगवणारं रोपटं, त्याच्या शेंगा बारीक आणि लांब.

बियांचं कवच टणक असतं, नुसत्या पेरल्या तर बऱ्याचशा तशाच पडून राहतात. पाणी उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटांनी बिया त्यात टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरा. उरलेल्या सँडपेपरवर हलकेच घासून पुन्हा भिजवा. पेरणी एप्रिलअखेर करा, म्हणजे पावसापर्यंत रोप हाताशी येतं. तरवडाचं सोटमूळ झपाट्याने खाली जातं, म्हणून पिशवी उंच घ्या. रोप वीतभर झालं की जमिनीत लावा. फार दिवस पिशवीत ठेवलं तर मूळ वेटोळं घालतं.

आता जागा. ऊन दिवसभर हवं, बाकी चोचले नाहीत; एक सोडून. मुळाशी पाणी साचलेलं त्याला चालत नाही. माझं पहिलं रोप गोदाकाठच्या चिकट काळ्या मातीत होतं आणि शेजारच्या हिरवळीला रोज पाइपने पाणी जायचं. महिन्याभरात पानं पिवळी पडली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, कुजलेली. तुमच्याकडेही काळी माती असेल तर दीड फूट खड्डा घ्या, त्यात मुरूम आणि विटांचे तुकडे मिसळा आणि रोप वरंब्यावर लावा. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस दणकून, तिथे उताराचीच जागा बघा. कुंपण करायचं असेल तर दोन-तीन फुटांवर एकेक रोप पुरे. गुराढोरांना हा पाला फारसा आवडत नाही, त्यामुळे कुंपण टिकतं.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी. दुसऱ्या वर्षापासून तेही बंद केलं तरी चालतं. खताच्या नादी लागू नका, नुसती पानंच माजतात. शेंगा वाळल्या की फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंडे छाटा, कारण फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. न छाटलेलं झुडूप माणसाच्याही वर जातं आणि मग माळेसाठी स्टूल लागतं.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. फवारणी करू नका. त्या बहुधा फिकट पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, तरवडावर वाढतात आणि खाल्लेली पानं झुडूप पुन्हा काढतं. भुंगेही येतात. फुलाला लटकून गुणगुणत ते पराग झाडून काढतात. माळेसाठी फुलं सकाळीच तोडा, उन्हं चढली की पाकळ्या मलूल होतात.