प्रयोगशाळेची मागणी आणि पुरवठादाराचा माल : या चुका टाळा

दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था असो, ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ असो की एखादी लहान खासगी प्रयोगशाळा, चुकीचा माल आला की दोष पुरवठादाराच्या माथी मारला जातो. प्रयोगशाळेचे भांडार सांभाळताना माझा अनुभव मात्र असा आहे की, बहुतेक चुकांचे मूळ आपल्याच मागणीपत्रात असते, कारण वस्तू कशासाठी हवी आहे हे आपण त्यात लिहीतच नाही.

कृत्रिम समुद्रजल तयार करण्यासाठी लागणारे मॅग्नेशियम क्लोराइड घ्या. मागणीत ‘मॅग्नेशियम क्लोराइड, 500 ग्रॅम’ एवढेच लिहिले, तर निर्जल (पाणीविरहित) क्षार पाठवणाराही बरोबर ठरतो आणि हेक्साहायड्रेट, म्हणजे स्फटिकात पाण्याचे सहा रेणू असलेला क्षार, पाठवणाराही. निर्जल क्षाराचा रेणुभार 95.21 आणि हेक्साहायड्रेटचा 203.30 असल्यामुळे, निर्जल समजून हेक्साहायड्रेट तोलले तर द्रावणात मॅग्नेशियम निम्म्याहूनही कमी पडते. हे टाळायला सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पुरेसा आहे : निर्जलाचा 7786-30-3 आणि हेक्साहायड्रेटचा 7791-18-6. नायट्रिक आम्लाचेही तसेच. ते काचसामान धुण्यासाठी हवे आहे की समुद्राच्या पाण्यातील अत्यल्प धातू मोजण्यासाठी, हे कळले तरच पुरवठादार योग्य ग्रेड (शुद्धतेची प्रत) सुचवू शकतो. एरवी सर्वांत कमी दराचे कोटेशन मंजूर होते आणि धातूंच्या मोजणीत आम्लातलीच अशुद्धी दिसू लागते.

वायूच्या बाबतीत चूक वेगळी होते. ‘लागेल तसे सिलिंडर पाठवा’ असे सांगून पुरवठादाराला कोणतेही नियोजन करता येत नाही. अत्यल्प धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्राला मिनिटाला साधारण 15 ते 18 लिटर आर्गॉन लागतो आणि 7 घनमीटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे 7000 लिटर वायू असतो, म्हणजे एक सिलिंडर कामाचा पूर्ण दिवसही जेमतेमच पुरतो. चवथीच्या दिवसांत वाहतूक मंदावते, हे गोव्यात सर्वांनाच ठाऊक असते. तरीही त्या आठवड्याचा अंदाज महिनाभर आधी लेखी कळवणाऱ्या प्रयोगशाळा मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

मालाच्या पोचवणीकडे तर आपण सर्वांत कमी लक्ष देतो. एका पावसाळ्यात, शुक्रवारी संध्याकाळी, कोरड्या बर्फात (घनरूप कार्बन डायऑक्साइडमध्ये) बांधलेला विकरांचा (एन्झाइमांचा) थर्माकोलचा खोका आमच्या फाटकावर येऊन पोहोचला. पत्त्यात संस्थेचे नाव होते, पण घेणाऱ्याचे नाव किंवा मोबाइल क्रमांक नव्हता. पहारेकऱ्याने तो सांभाळून केबिनमध्ये ठेवला आणि सोमवारी उघडला तेव्हा उणे 78.5 अंशांच्या त्या बर्फाचा एक तुकडाही उरला नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला तेवढा दमटपणा जाणवत होता. पुरवठादाराने माल वेळेत पाठवला होता आणि पहारेकऱ्याचीही चूक नव्हती. तेव्हापासून थंड मालाच्या प्रत्येक ऑर्डरवर आम्ही दोन व्यक्तींचे क्रमांक लिहितो, आणि गुरुवारनंतर माल रवाना करू नये, अशी अट घालतो.

तक्रार करतानाही घाई नडते. ‘पावडर खराब आली’ असे फोनवर सांगितल्याने काहीच निष्पन्न होत नाही, कारण समोरचा माणूस विक्री विभागातला असतो आणि गुणवत्ता तपासणारा दुसरीकडे बसलेला असतो. ईमेल लिहा, त्यात लॉट (उत्पादनाच्या तुकडीचा) क्रमांक, बाटली उघडल्याची तारीख, साठवणुकीचे तापमान, लेबलचा फोटो आणि त्याच दिवशी जुन्या लॉटने केलेल्या चाचणीचा निकाल द्या. गोव्याच्या दमट हवेत सोडियम हायड्रॉक्साइडसारखे रसायन बाटली उघडताच ओलावा ओढू लागते, त्यामुळे उघडल्याची तारीख नसेल तर दोष कारखान्यातला की आपल्या कपाटातला, हे ठरवणे अवघड होते. ती तारीख बाटलीवर पक्क्या शाईने त्याच क्षणी लिहावी आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत उरलेला माल घट्ट बंद करून वेगळा ठेवावा, कारण पुरवठादाराची गुणवत्ता प्रयोगशाळा पहिली मागणी त्याच नमुन्याची करते.