ओपन लुक की मोटिफ? जुना युनिक्स प्रोग्राम कसा ओळखावा

जुन्या वर्कस्टेशनसाठी लिहिलेला एखादा खिडक्यांचा प्रोग्राम आजच्या लिनक्सवर चालवायचा असेल, तर तो ओपन लुकचा आहे की मोटिफचा, म्हणजे बटणे-मेनूंच्या या दोन जुन्या पद्धतींपैकी कोणत्या पद्धतीचा, हे आधी ठरवावे. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टीमने पडद्यावर खिडक्या उघडण्याची सोय दिली, पण बटण कसे दिसावे, मेनू कसा उघडावा, हे मुद्दामच ठरवून दिले नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी सन मायक्रोसिस्टीम्स आणि एटी अँड टी या कंपन्यांनी १९८८ मध्ये ओपन लुक जाहीर केले आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनने पुढच्याच वर्षी मोटिफ आणले.

हाती फक्त पडद्याचे चित्र असेल, तर खिडकीच्या चौकटीवर विसंबू नये. चौकट विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या सांभाळणारा वेगळा प्रोग्राम काढतो, तो मूळ प्रोग्राम नव्हे. त्यामुळे मोटिफच्या चौकटीतही ओपन लुकचा प्रोग्राम असू शकतो. नजर आतल्या भागावर ठेवावी. बटणे कडेला गोलाकार असतील आणि मेनूच्या माथ्याशी टाचणी दिसत असेल, तर ते ओपन लुक. ही टाचणी टोचली की मेनू पडद्यावर तसाच उघडा राहतो. इतकी सोयीची कल्पना मागे पडली, याची मला आजही हळहळ वाटते. ओपन लुकची स्क्रोलपट्टीही वेगळी: ताणलेल्या दोरीवर वरखाली सरकणारी लिफ्ट आणि दोन्ही बाण त्या लिफ्टवरच. मोटिफमध्ये बटणे चौकोनी, उठावदार कडांची आणि बाण पट्टीच्या दोन टोकांना असतात.

सोर्स कोड उपलब्ध असेल, तर अंदाजाची गरज उरत नाही. कोडच्या सुरुवातीला जोडलेल्या हेडर फाइलींच्या नावांत 'एक्सएम' (Xm) असेल तर मोटिफ; 'एक्सव्ह्यू' (xview) किंवा 'एक्सओएल' (Xol) असेल तर ओपन लुक, कारण ओपन लुक हा मुळात आराखडा होता आणि त्यावर एक्सव्ह्यूसारखे एकाहून अधिक टूलकिट (बटणे-मेनू बनवण्याचे तयार कोडसंच) बांधले गेले. मोटिफचा कोड २०१२ मध्ये एलजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खुला झाला असल्याने तो बांधणे तुलनेने सोपे जाते. एक्सव्ह्यू मात्र ३२ बिटांच्या काळातला आहे, म्हणून टूलकिट आणि प्रोग्राम दोन्ही ३२ बिटांसाठीच कंपाइल करावेत.

ओपन लुकचा प्रोग्राम त्याच्याच ओएलडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरखाली चालवला, तर मेनू माउसच्या उजव्या बटणाने उघडावा आणि 'क्लोज' निवडताना सावध राहावे: तिथे 'क्लोज' म्हणजे खिडकीचे चिन्हात रूपांतर, प्रोग्राम संपवायचा असेल तर 'क्विट' निवडावे लागते.