वायरवाल्या अलार्मला मागच्या दाराचा सेन्सर जोडायचाय? मग हे बघा

आखाजीला नाहीतर लग्नसराईत घराला कुलूप लावून गावी जायचं म्हटलं की पुढच्या दाराला सेन्सर असतो पण मागचं दार अन गच्चीचं दार मोकळंच, जळगाव-धुळ्याकडं बऱ्याच घरात हेच दिसतं. चोर काय पुढून बेल वाजवून येणारे का भो? वायरवाला पॅनल (सगळे सेन्सर जिथं जोडतात तो अलार्मचा डबा) असेल तर एक सेन्सर वाढवणं घरच्याघरी जमतं.

आधी पॅनलवर रिकामा झोन (सेन्सरची वायर जोडायची स्वतंत्र जागा) आहे का बघा. असेल तर नवा सेन्सर तिथंच जोडा, कुठलं दार उघडलं ते लगेच कळतं. पुढच्या दाराच्या झोनला शक्यतो जोडू नका कारण त्याला आपण आत येऊन कोड दाबेपर्यंतचा डिले ठेवलेला असतो, तोच डिले मग मागून येणाऱ्यालाही फुकट मिळतो.

सेन्सर घेताना दुकानातच मल्टिमीटर बीपवर ठेवून त्याच्या दोन टोकांना लावून बघा. चुंबक जवळ नेला की बीप, लांब नेला की गप्प, असाच पाहिजे. पाकिटावरच्या एनओ-एनसीवर (एनओ म्हणजे एरवी सर्किट उघडं, एनसी म्हणजे एरवी बंद) जाऊ नका, कुणी चुंबक धरून लिहितं कुणी चुंबकाशिवाय. दार लोखंडी असेल तर लोखंडी दारासाठीचाच मागा, साध्या सेन्सरची रेंज लोखंडावर कमी होते.

काम सुरू करायच्या आधी पॅनलची मेन लाईन बंद, मग आतल्या १२ व्होल्ट बॅटरीची वायर काढा. बाहेरच्या सायरनला स्वतःची बॅटरी असेल तर तो पॉवर जाताच बोंबलेल, शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवा 😄

वायरवाला भाग चौकटीला अन चुंबक दाराच्या पल्ल्याला, बिजागरीच्या उलट्या बाजूला वरती. दोघांतलं अंतर पाकिटावर दिलंय त्यापेक्षा बरंच कमी ठेवा, कारण मे-जूनात केळीच्या बागा आडव्या करणारं वारं सुटलं की कडी ढिली असलेलं दार हलतं अन रात्री दोनला सगळी गल्ली जागी होते. स्क्रू जास्त आवळू नका, आत काचेची नळी असते. वायर लाईटच्या वायरिंगच्या पाईपातून नेऊ नका, वेगळी पट्टी मारा.

आता खरी गंमत. रिकामा झोन नसेल अन जुन्याच झोनवर दुसरा सेन्सर घ्यायचा असेल तर तो सिरीजमधेच (एकापुढे एक) जोडायचा. पॅरलल जोडला तर एक दार उघडलं तरी दुसऱ्या बंद दारातून सर्किट पूर्णच राहतं, म्हणजे चोर आत अन पॅनल झोपलेला. रस्ता असा: झोनच्या टर्मिनलमधून जुना सेन्सर, तिथून नवा सेन्सर, तिथून रेझिस्टर (ज्याच्या आकड्यावरून पॅनलला झोन ठीक आहे हे कळतं तो छोटा भाग), मग परत पॅनलच्या कॉमन टर्मिनलला. रेझिस्टर प्रत्येक दाराला वेगळा नाही, सगळ्या झोनला एकच, अन तो शेवटच्या सेन्सरपाशी. जुन्या सेन्सरपाशी असेल तर काढून नव्यापाशी न्या. बरेच फिटिंगवाले तो पॅनलच्या डब्यातच टाकून मोकळे होतात, चालतं खरं, पण मग मधे कुणी दोन्ही वायरी शॉर्ट केल्या तर पॅनलला वाटतं दार बंदच आहे. टोकाला असला की शॉर्ट अन तुटणं दोन्ही पकडतं. किंमत कंपनीगणिक वेगळी, २.२ के, ४.७ के, ५.६ के, मॅन्युअलमधे बघून तीच घ्या. रिकाम्या झोनच्या टर्मिनलवर बहुतेक आधीच एक रेझिस्टर लावलेला असतो, तोच काढून दारापाशी वापरता येतो.

पॅनलला जोडायच्या आधी वायरीची दोन टोकं मीटरला लावा. बीपची वाट बघू नका, रेझिस्टरमुळे येणार नाही, ओहमवर ठेवा. सगळी दारं बंद असताना रेझिस्टरएवढाच आकडा यायला पाहिजे अन कुठलंही एक उघडलं की ओपन. मग पॉवर द्या, झोन नवा असेल तर प्रोग्रामिंगमधे चालू करा, त्याला डिले नको, अन टेस्ट मोडमधे एकेक दार उघडून बघा.

डबा उघडलाच आहे तर बॅटरीही तपासून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लवकर बसते, तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं धरा. मेन बंद करून पॅनल तासभर बॅटरीवर चालवा अन शेवटी सायरन वाजवून बघा, मधेच पडला तर बॅटरी बदलूनच गावी जा.